जो रडेल त्याची कात्री बाद

आता जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही तेरा वर्षांचे आहात. तुमच्या लहानपणातली चार वर्षं युरोपातल्या एका शहरात गेली आहेत, कारण बाबांची नोकरी तिथे होती. मग नोकरी संपली आणि सगळे परत आले. तुमची उंची वाढली, तिथली भाषा निम्मी विसरली, पण तिथल्या जिन्याचा वास अजून नाकात आहे. आणि एके दिवशी जेवता जेवता बाबा म्हणतात, "या सुट्टीत तिकडे जाऊन येऊ. तीन दिवस."

"तीनच?" असं तुम्ही म्हणाल. या गोष्टीतली मुलगीही तेच म्हणाली. तिला आपण धाकटी म्हणू. तिचा भाऊ थोरला, सोळा वर्षांचा. त्यानं मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "तीन दिवस हिच्याबरोबर एका खोलीत! मला तेवढेही जास्तच होतात."

आता तीन दिवसांत चार वर्षं कशी मावणार? प्रत्येकाला काही ना काही पुन्हा बघायचं असतं, आणि सगळं काही बघून होत नाही. काहीतरी सोडावंच लागतं. बहुतेक घरांत हा प्रश्न आवाज चढवून सुटतो. या घरात तो कात्रीनं सुटायचा.

ते असं. बाबा संकलक होते. म्हणजे दुसऱ्यांनी तासन्‌तास काढून आणलेली चित्रं कापून, जोडून, त्यांतून मालिकेचा वीस मिनिटांचा भाग तयार करणारे. त्यांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं: "ज्याच्यावाचून अडत नाही, ते कापायचं." कामावरचं हे वाक्य त्यांनी घरीही आणलं होतं. कुठलीही मोठी गोष्ट ठरवायची झाली, की जेवणाच्या टेबलाशी कात्रीची बैठक बसायची. प्रत्येकानं आपल्याला हवं ते दोन चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर ठेवायचं. मग कात्री एकेकाच्या हातात जायची, आणि ज्याच्या हातात ती असेल त्यानं दुसऱ्या कुणाची तरी एक चिठ्ठी कापायची. कारण सांगायचं नाही. कात्री परत खणात गेली की बैठक संपली.

आणखी एक नियम होता. बैठक संपायच्या आत जो रडेल, त्याची कात्री बाद. त्याची पाळी यायची असेल तर ती गेली. कापून झालं असेल, तर त्यानं कापलेली चिठ्ठी परत जोडायची. हा नियम बाबांनी धाकटीसाठीच केला होता. परत येताना सामानातून काय टाकायचं ते ठरत होतं, तेव्हा ती इतकी रडली होती की बैठक तीनदा थांबवावी लागली. तेव्हापासून थोरला तिला नळूबाई म्हणायचा. नळ सुटतो तशी रडते म्हणून. त्या नियमानं आजवर धाकटीखेरीज कुणाचीही कात्री बाद झालेली नव्हती.

तर रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर टेबल पुसून बैठक बसली.

बाबांच्या चिठ्ठ्या होत्या 'जुना स्टुडिओ' आणि 'साहेबांकडे जेवण', म्हणजे तिथल्या कामावरच्या साहेबांकडे. थोरल्याच्या 'फुटबॉलचं मैदान' आणि 'स्केटिंगचे मित्र'. आईची पहिली चिठ्ठी 'नदीतली बोट'. दुसरीवर तिनं एकच शब्द लिहिला होता: 'बाळ'.

हे तुम्हाला सांगायला हवं. त्या शहरात, धाकटी सहा वर्षांची असताना, आईला एक मुलगा झाला होता. तो जन्मला तेव्हाच जिवंत नव्हता. तिथल्या टेकडीवरच्या दफनभूमीत त्याचा हाताएवढा दगड होता. इकडे परतल्यापासून आई त्याच्याबद्दल बोलली नव्हती. आता तिनं ती चिठ्ठी मीठदाणीच्या बाजूला ठेवली.

"ही पण टेबलावर?" थोरल्यानं हळूच विचारलं.

"सगळ्यांचं सगळं टेबलावर," बाबा म्हणाले. "राखीव काही नाही. पण तिला हात लावायची वेळ येणार नाही, कळतं ना?"

कळत होतं.

उरली धाकटी. तिनं आपल्या दोन्ही चिठ्ठ्या उघडल्या. पहिलीवर लिहिलं होतं 'टोपीवाली'. दुसरीवरही लिहिलं होतं 'टोपीवाली'.

थोरला खो-खो हसला. "अगं, दोन इच्छा मिळतात. तुझी एकच? नळूबाई, डोकं घरी विसरलीस का?"

"आपण घरीच आहोत," धाकटी म्हणाली. "आणि एक कापली तर एक राहील."

बाबांनी चष्मा वर सरकवला. "एकच शॉट दोनदा. आमच्याकडे असं आलं की पहिल्यांदा तेच उडतं. पण नियमात बसतं हं. चिमणे, हुशार आहेस."

टोपीवाली कोण, ते सांगतो. त्या शहरात त्यांच्या घराखाली टोप्यांचं दुकान होतं. दुकानवाली एकटी बाई, गुडघ्यांनी अधू. फळ्यांवर लाकडी डोक्यांची रांग. किटलीच्या वाफेवर लोकरीची जाड टोपी धरायची, मऊ झाली की लाकडी डोक्यावर ओढून बसवायची, असं तिचं काम. आईबाबा कामावरून येईपर्यंत धाकटी शाळेतून तिथे जायची. तिच्यासाठी एक छोटा ब्रश होता, एक उंच स्टूल होतं. आई त्या बाळाच्या वेळी हॉस्पिटलमध्ये बरेच दिवस राहिली, तेव्हा तर धाकटी दुकानामागच्या खोलीत झोपायचीसुद्धा. थोरल्याला त्याच्या मित्राच्या घरी ठेवलं होतं. बाबा हॉस्पिटलात.

गेल्या महिन्यात धाकटीनं तिला फोन केला होता, मोडक्यातोडक्या भाषेत. टोपीवाली म्हणाली, दुकान विकलं. उन्हाळ्यानंतर ती देशाच्या दुसऱ्या टोकाला बहिणीकडे राहायला जाणार. "ये. आत्ताच ये. नंतर मी इथे नसेन." म्हणजे ही फेरी हुकली, तर दुसरी नाही. या एका गोष्टीसाठी धाकटी गेले कित्येक दिवस श्वास रोखून होती.

पहिली कात्री थोरल्याची.

त्यानं ती हवेत दोनदा उघडली, मिटली. कच्‌, कच्‌. "कुणाची कापू? कुणाची बरं कापू?"

"काप ना लवकर," आई म्हणाली.

"थांब गं, मजा तर घेऊ दे. नळूबाई, खरं सांग, त्या बाईला तू आठवत तरी असशील का? दिवसभर तिच्यापुढे डोकी. त्यात तुझं एक रिकामं."

"फोनवर ओळखलं तिनं."

"फोनवर काय, विमा विकणारेसुद्धा मला नावानं ओळखतात."

बाबांना हसू आलं. आईलाही आलं. धाकटी हसली नाही, पण रडलीही नाही. तिनं स्टीलच्या पेल्याकडे नजर लावली होती.

थोरल्यानं ते पाहिलं आणि त्याला आणखी जोर चढला. "निघताना आठवतं का? टॅक्सी उभी, आणि ही बया एका लाकडी डोक्याला मिठी मारून बसलेली. 'याला घेऊन जाऊ या!' बाबांनी शेवटी बोटं सोडवली तिची, एकेक करून. आणि ते डोकंच ना, तेवढंच ऐकून घ्यायचं हिचं. बाकी कुणाला वेळ होता?" तो टेबलावर पुढे वाकला. "आला, आला. नळ आला."

"नाही आला."

"खालचा ओठ बघा, बाबा."

"ओठ नियमात नाही," बाबा म्हणाले. "पाणी दिसलं पाहिजे. काप आता, पुरे."

थोरल्यानं एक 'टोपीवाली' उचलली आणि मधोमध कापली. दोन तुकडे धाकटीसमोर टाकले. "कार्ड पाठव तिला. छान मांजराचं चित्र असलेलं."

धाकटीनं तुकडे एकावर एक ठेवले. एक गेली, एक राहिली. तिचा हिशेब हाच होता. एका माणसावर दोन कात्र्या कोण वाया घालवणार?

दुसरी कात्री बाबांची. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्यांवरून सावकाश नजर फिरवली, कामावर फिरवत असतील तशीच. कापताना त्यांना वाईट वाटत नाही. त्यांनी 'फुटबॉलचं मैदान' उचललं आणि कापलं.

"बाबा!"

"सामना नसताना रिकाम्या खुर्च्या बघायच्या? त्यावाचून काय अडतं?"

"आणि तुमच्या साहेबांच्या जेवणावाचून काय अडतं?"

"तुझी पाळी झाली तुझी," बाबा म्हणाले, आणि थोरला हाताची घडी घालून खुर्चीत मागे सरकला. धाकटीनं त्याच्याकडे बघितलं. तिला मनातून गार वाटलं. त्यात काही भूषण नाही, पण वाटलं.

तिसरी कात्री आईची.

इथे धाकटीनं रोखलेला श्वास सोडला. कारण आई काय कापणार हे सगळ्या घराला माहीत होतं. साहेबांकडचं जेवण. आठवडाभर आई म्हणत होती, "त्या माणसाच्या घरी मी पाऊल ठेवणार नाही. तुम्ही खा आणि तुम्हीच त्याच्या कुत्र्याचं कौतुक करा." बाबांनीही मान टाकून हात पुढे केला होता, जणू चिठ्ठी स्वतःच द्यायची आहे.

आईनं कात्री घेतली. डोळे तपासणं हा तिचा व्यवसाय. तिचे हात कधी घाई करत नाहीत. तिनं हात लांब केला, साहेबांचं जेवण ओलांडलं, आणि दुसरी 'टोपीवाली' उचलली.

"आई, ती माझी आहे," धाकटी घाईनं म्हणाली. "चुकून घेतलीस."

"चुकून नाही."

थोरल्याच्या घडी घातलेल्या हातांची घडी सुटली. बाबा म्हणाले, "अगं..." आणि लगेच, सवयीनं, "कारण सांगायचं नाही."

"मी सांगणार आहे," आई म्हणाली. तिनं धाकटीकडे सरळ बघितलं, मशीनमागून पेशंटकडे बघते तसं. "मी हॉस्पिटलमधून आले. रिकामी आले. आत यायची ताकद नव्हती, म्हणून बाबा तुला बोलवायला दुकानात गेले आणि मी दारात थांबले. तू मला बघितलंस, आणि तिच्या एप्रनमागे लपलीस. बाबा म्हणाले, आई आली बघ. तू म्हणालीस, मला इथेच राहायचंय. आठवतं?"

"मी सहा वर्षांची होते."

"हो. मी पण तेव्हापासून स्वतःला तेच सांगते आहे. सहा वर्षांची होती, सहा वर्षांची होती. तिनं तुला माझ्याकडे ढकललंही नाही. डोक्यावर हात ठेवून उभी राहिली." कात्रीचा एकच आवाज झाला. "मला त्या दुकानाच्या दारात पुन्हा उभं राहायचं नाही. तुला बाहेर यायला किती वेळ लागतो, ते बघत."

दोन तुकडे टेबलावर पडले. एक घसरून खाली गेला. कुणी उचलला नाही.

थोडं थांबा इथे. तुम्ही धाकटीच्या जागी आहात. समोर भाऊ तुमच्या डोळ्यांकडे टक लावून बसलाय. तुम्ही रडलात, तर तुमची कात्री गेली. नाही रडलात, तर हातात एक कात्री येईल, पण तिनं कापता येतं, जोडता येत नाही. तुमची तर एकही चिठ्ठी उरलेली नाही. काय कराल? साहेबांचं जेवण कापाल? भावाचे मित्र कापाल? त्यानं टोपीवाली परत येते का?

येत नाही. धाकटीनं हे सगळं त्याच टेबलाशी बसून, त्याच क्षणी विचारात घेतलं. ती खरंच हुशार होती.

"नळूबाई," थोरला म्हणाला, पण आता त्याच्या आवाजात तेवढा दम नव्हता. "माझे मित्र कापणार ना? काप. जा. काप."

धाकटीनं आईच्या हातातून कात्री घेतली. तिनं हात लांब केला, 'स्केटिंगचे मित्र' ओलांडलं, 'साहेबांकडे जेवण' ओलांडलं, आणि मीठदाणीच्या बाजूची चिठ्ठी उचलली.

"ए," थोरला म्हणाला. "ए वेडे, ती नाही."

"चिमणे, चुकून उचललीस," बाबा म्हणाले.

"चुकून नाही."

"ठेव ती खाली."

"राखीव काही नाही, असं तुम्हीच म्हणालात." आणि तिनं 'बाळ' कापलं.

आईनं मान वर केली. डोळ्यांत औषधाचे थेंब घातल्यावर ती पेशंटना तेच सांगते, वर बघा, पापणी मिटू नका. ती छताच्या पंख्याकडे बघत राहिली. पंखा बंद होता.

बाबा उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. "झालं. संपली बैठक. आण ती कात्री, खणात ठेवतो."

धाकटीनं कात्री मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. "अजून नाही संपली." मग तिनं खुर्ची आईच्या खुर्चीजवळ ओढली. इतकी जवळ, की दोघींचे गुडघे लागले. आवाज अगदी गोड होता तिचा. शाळेतून आल्यावर आज काय झालं ते सांगावं, तसा.

"आई, त्याचं नाव काय ठेवणार होतो गं आपण?"

आई पंख्याकडे बघत होती.

"तू मला कानात सांगितलं होतंस. फक्त मलाच. मी तुझ्या पोटाला कान लावून त्याला हाक मारायची, आणि तो आतून पाय मारायचा. तू म्हणायचीस, बघ, ताईला ओ देतोय. मी विसरले ते नाव. सांग ना."

"गप बस," थोरला म्हणाला. "बाबा, हिला गप करा."

"मोजे पण विणले होतेस ना? पिवळे. ते कुठे आहेत आता?"

आईची मान खाली आली. हनुवटी आधी थरथरली, मग बाकीचं सगळं. तिनं तोंडावर हात धरला, तरी आवाज फुटलाच. मोठ्या माणसांचं रडणं मुलांनी फारसं ऐकलेलं नसतं. ते खोकल्यासारखं असतं, आणि संपत नाही.

धाकटीनं थोडा वेळ जाऊ दिला. मग म्हणाली, "आईची कात्री बाद."

तिनं बाबांकडे बघितलं.

"तिनं कापलेली चिठ्ठी परत येते. पाणी दिसलं पाहिजे, दिसलं. बाबा, येते ना?"

"हा नियम आज नाही," बाबा म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "आज हा नियम नाही."

"मग माझ्या वेळी का होता?"

बाबा आईच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. तिच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

धाकटी वाकली. खाली पडलेला तुकडा तिनं शोधला, फुंकून साफ केला, दुसऱ्या तुकड्याशेजारी लावला. कपाटातून चिकटपट्टी आणली. चिठ्ठी जोडली, उलटून मागूनही पट्टी लावली, आणि अंगठ्याच्या नखानं घासत राहिली, आत हवा राहू नये म्हणून. शेजारी 'बाळ'चे दोन तुकडे पडले होते.

तेव्हा थोरल्याला ते सुचलं. तो टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आला आणि चक्क खाली बसला, तिच्या खुर्चीपाशी.

"ए, ऐक. तू रड."

तिनं बघितलं नाही.

"तू रडलीस की तुझी पण कात्री बाद. मग आईची चिठ्ठी परत येईल. तुझी पण राहील, आईची पण राहील. कात्री अजून बाहेरच आहे. रड ना. एक थेंब." त्याचा आवाज चिरकला. "मी तुला परत कधी नळूबाई म्हणणार नाही. आईशपथ. तू तर कशावरही रडतेस. रड ना गं."

इतका वेळ तो तिला रडवायला बघत होता. आता हात जोडत होता. आई ओढणीत तोंड खुपसून बसली होती, पण तिचं रडणं थांबलं होतं. ती ऐकत होती. बाबाही ऐकत होते. तिघांनी धाकटीच्या डोळ्यांकडे बघितलं.

धाकटीनं जोडलेली चिठ्ठी पालथी घालून हाताखाली ठेवली. मग ती उठली, खणाशी गेली, कात्री आत ठेवली आणि खण ढकलून बंद केला.